माझा दमा मला कळतो, असं मी म्हणायचो

घरात आजार मोजायची यंत्रं आणू नयेत, या मताचा मी अनेक वर्षं होतो. मोंढ्यातल्या, म्हणजे आमच्या धान्यबाजारातल्या, चहाच्या टपरीवर विषय निघाला की हे मत मी हिरिरीने मांडायचो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि तेव्हापासून ते येता-जाता दंडाला पट्टा बांधू लागले. आकडा बघून घाबरायचे आणि घाबरल्यामुळे पुढचा आकडा आणखी चढायचा. करोनात तर घराघरांत बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागला. ९६ दिसले की हायसं वाटायचं, ९४ दिसले की रडारड सुरू. हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर घरात आणखी एक यंत्र कशाला आणायचं, असा माझा सवाल असे.

त्यातून दमा हा माझ्या घरचाच विषय. शाळेत जाण्याआधीपासून तो माझ्या सोबतीला आहे. वडिलांनी मला कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर खाऊ घातली. मृगाच्या सुमारास रेल्वेने हैदराबादला नेलं. तिथे जिवंत मासोळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात. आम्ही माळकरी, म्हणून मला तेच औषध गुळातून मिळालं. पुढे गोळ्या आल्या, मग पंप आला. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने तो खिशातच जास्त राहिला, तोंडाला कमी लागला. दही, केळी, पेरू बंद झाले ते कायमचेच. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली, तो दमा आपल्याला ओळखता येतो असं वाटणं स्वाभाविक होतं. आभाळ भरून आलं, थंडी पडली, मळणी सुरू झाली की छातीत काय चाललंय ते मी सांगू शकतो. फुंकून श्वासाचा जोर मोजायची प्लॅस्टिकची नळी मला नवीन काय सांगणार?

आज मी ती नळी वापरतो आणि दम्याच्या माणसांनी ती वापरावी असं सांगतो. मत बदललं ते कशामुळे आणि कुठवर, ते इथे लिहितो आहे. ‘कुठवर’ हे मुद्दाम म्हटलं, कारण जुन्या मतातला एक भाग मी अजून सोडलेला नाही.

निमित्त झालं मोतीबिंदूचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधी छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. दमा वाढला म्हणून मी त्या दवाखान्यात गेलोच नव्हतो. त्यामुळे संवादही अगदी निवांत झाला.

“कसं वाटतंय काका?”

“एकदम ठणठणीत. रोज मोंढ्यात जातो.”

“जिना चढता?”

“चढतो की. मध्ये एकदा थांबतो. या वयात सगळेच थांबतात.”

“रात्रीचा खोकला?”

“पहाटे असतो थोडा. तो नेहमीचाच.”

डॉक्टरांनी यावर काहीच म्हटलं नाही. टेबलाच्या खणातून वीतभर लांबीची एक नळी काढली. एका टोकाला फुंकायचं तोंड, वरच्या बाजूला आकड्यांची पट्टी आणि पट्टीवरून सरकणारा लाल काटा. उभं राहून, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात जोरात फुंकायचं. काटा २७० वर थांबला. पुन्हा फुंकलं, २६०. तिसऱ्यांदा २७०. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या पुरुषाचा आकडा साडेचारशेच्या आसपास यायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, “फुंकायची सवय नाही हो.” त्यांनी पंपाला प्लॅस्टिकचा फुगीर डबा जोडून औषध दिलं आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. साधारण वीस मिनिटांनी परत बोलावलं. या वेळी काटा ३५० पर्यंत गेला. फुंकणारा तोच, नळी तीच आणि सवय तितकीच.

“आता कसं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

मला हलकं वाटत होतं. श्वास सोडताना छातीच्या तळापर्यंत जागा मोकळी होतेय असं जाणवत होतं. मघाशी ज्याला मी ठणठणीत म्हणत होतो ती गोष्ट वेगळी होती, हे त्या बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “काका, तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला खरंच बरं वाटत होतं. अडचण तीच आहे.”

हे वाक्य मला झोंबलं, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. मी आडत दुकानात मुनीम. पूर्वीचे खरेदीदार सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचे. आता यंत्रात मूठभर दाणे टाकले की आकडा येतो आणि साधारण १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भावात घासाघीस सुरू होते. शेतकरी म्हणतो, चार दिवस उन्हात वाळवलाय, हाताला कोरडा लागतोय. तो खोटं बोलत नसतो. पण घरच्या मालावर रोज हात फिरवणाऱ्याला ओल जाणवेनाशी होते. असं मी कित्येकांना समजावलं आहे. स्वतःच्या छातीबद्दल मात्र मी हाताचाच हवाला देत होतो.

मग मी या विषयाचं वाचायला लागलो. डॉक्टरांनाही प्रश्न विचारून पुरेसा त्रास दिला. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, बाहेरचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्याही ताणून जरा उघडतात. श्वास सोडताना त्या दबतात. म्हणून दम्यात आधी अडतो तो सोडलेला श्वास. नळी अरुंद होते तसा अडथळा सरळ हिशेबाने वाढत नाही. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर भौतिकशास्त्राच्या नियमाने अडथळा सोळा पट होतो. एवढा फरक आपल्याला कळलाच पाहिजे असं वाटतं. पण तो एका दिवसात न होता महिनोनमहिने हळूहळू झाला तर शरीर जुळवून घेतं. माणूस हळू चालायला लागतो, पिशवी दुसऱ्याच्या हाती देतो, जिन्यात थांबतो आणि या सगळ्याला ‘वय’ म्हणतो.

हे माझ्या एकट्याचं नाही. १९७६ साली रुबिनफेल्ड आणि पेन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग मांडला. ८२ दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या त्यांनी औषधाने काळजीपूर्वक आकुंचित केल्या आणि काय जाणवतं ते विचारलं. सुमारे १५ टक्के लोकांना जोराने श्वास सोडण्याची क्षमता निम्म्यावर आली तरी विशेष काही जाणवलं नाही. १९९४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दम्याच्या झटक्यात मरता मरता वाचलेल्या रुग्णांची तपासणी केली. धाप जाणवण्याची त्यांची शक्तीच बोथट असल्याचं आढळलं. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांनाच इशारा सर्वांत कमी. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने छाननी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. त्यांतल्या ४५ टक्के लोकांनी वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती किंवा मदत पोहोचण्याआधी ते गेले होते. आणि ज्यांच्या आजाराची तीव्रता नोंदलेली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला जात होता. आपल्याकडचं चित्र याहून काळजीचं आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी १३ टक्क्यांच्या आसपास भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात.

घरातल्या बोटाच्या चिमट्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. तो चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो आणि दम्यात तो उशिरा घसरतो. श्वासनळ्या बऱ्यापैकी आवळल्या तरी माणूस भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन सावरून धरतो. त्यामुळे चिमट्यावर ९७ दिसत असताना फुंकेचा आकडा निम्म्यावर आलेला असू शकतो. छातीतल्या शिट्टीचंही तसंच. शिट्टी वाजते याचा अर्थ हवा अजून जाते-येते आहे. झटका फार वाढला की शिट्टी थांबते आणि छाती गप्प होते. ती शांतता बरी झाल्याची खूण समजून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो.

या नळीला पीक फ्लो मीटर म्हणतात. फुंकेच्या अगदी सुरुवातीला हवा सर्वांत वेगाने बाहेर पडते, तो वेग ती दर मिनिटाला किती लिटर या मापात दाखवते. तिची जन्मकथा वाचली तेव्हा तिच्याविषयीची माझी अढी निम्मी गेली. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफजवळच्या लँडॉ रुग्णालयात कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारांवर संशोधन करणारं एक पथक होतं. खाणकामगारांची फुप्फुसं तपासायची तर प्रयोगशाळेतली अवजड उपकरणं त्यांच्यापर्यंत नेणं अवघड. बेसिल मार्टिन राइट या डॉक्टर-संशोधकाने त्यासाठी हातात धरून फुंकता येईल असं मीटर बनवलं. मॅककेरो या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९५९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याची माहिती दिली. आज हातात दिसते ती हलकी प्लॅस्टिकची नळी १९७० च्या दशकातली. आपल्याकडे ती काही शे रुपयांत औषधाच्या दुकानात मिळते. तिला वीज लागत नाही आणि सेलही लागत नाहीत. शहरातल्या हौशी रुग्णांचं खेळणं म्हणून मी जिची टर उडवत होतो, ती नळी धुळीत राबणाऱ्या माणसांसाठी बनली होती. आणि मी बसतो तो मोंढा म्हणजे तरी काय, दुसरी धूळच.

डॉक्टरांनी वही घालायला सांगितली. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी फुंकायचं आणि संध्याकाळी फुंकायचं. प्रत्येक वेळी तीनदा, आणि तिन्हींची सरासरी न काढता सर्वांत मोठा आकडा लिहायचा. फुंकायच्या आधी काटा शून्याशी नेलाच पाहिजे. बोट पट्टीच्या खाचेवर आलं तर काटा अडतो. जीभ नळीच्या तोंडाशी आली तर आकडा कमी येतो. आणि थुंकल्यासारखी गालांनी फूक मारली तर भलताच जास्त येतो. ही लबाडी मला पहिल्याच आठवड्यात सापडली होती. बायकोनेच पकडलं. “अहो, हे फुंकणं नाही, पिचकारी आहे. पुन्हा करा.” नळी एकच वापरायची, कारण वेगवेगळ्या मीटरचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची आणि स्वतःची नळी दुसऱ्याला द्यायची नाही.

आजार आटोक्यात असताना आपण गाठलेला सर्वांत मोठा आकडा हा आपला मापदंड. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा तो महत्त्वाचा. औषध नीट सुरू झाल्यावर माझा मापदंड ४४० ठरला. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे ३५० च्या पुढे, हिरवा पट्टा. तिथे नेहमीचं औषध चालू ठेवायचं. ५० ते ८० टक्के हा पिवळा पट्टा, डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं आणि लक्ष ठेवायचं. निम्म्याच्या खाली, माझ्यापुरतं २२० च्या खाली, लाल पट्टा. तिथे विचार करत बसायचं नाही. कोणत्या पट्ट्यात काय करायचं ते डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेला कागद आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. त्या कागदाशिवाय नळीला अर्थ नाही. आकडा कळला आणि पुढे काय करायचं ते माहीत नसलं तर शेजारच्या मास्तरांसारखी गत होते.

वहीत पहिल्यांदा दिसली ती पहाटेची घसरण. सकाळी ३००, संध्याकाळी ३७०. निरोगी माणसातही पहाटे आकडा किंचित उतरतो, दम्यात तो जास्त उतरतो. मोठ्या माणसात रोजचा हा चढउतार सरासरीने १० टक्क्यांच्या वर राहिला तर तो जास्त मानतात. माझा दुपटीच्या घरात होता. पहाटेचा ‘नेहमीचाच’ खोकला म्हणजे काय ते मला आकड्यात दिसलं.

दुसरी गोष्ट दिसायला जरा वेळ लागला. संध्याकाळी आकडा चढायला हवा, तो काही दिवशी चढतच नव्हता, उलट सकाळपेक्षा खाली यायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही उठायचा नाही. मी रोजमेळ लिहिणारा माणूस. दोन वह्या शेजारी ठेवून ताळा घेण्याची सवय हाताला आहे. दुकानाची आवकेची वही आणि ही फुंकेची वही शेजारी ठेवली. सोयाबीनची आवक जास्त, चाळणी दिवसभर चालू, त्या संध्याकाळी आकडा २८० च्या आसपास. मोंढा बंद, त्या संध्याकाळी ३७० च्या पुढे. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. काही आठवडे दिवसातून चार वेळा मोजायला सांगितलं, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. कामाच्या जागेमुळे होणारा किंवा वाढणारा दमा ओळखायची हीच रीत आहे. बेकरीतला मैदा, गाड्यांना मारायचा फवाऱ्याचा रंग, सुतारकामाचा भुसा यांचे गुन्हेही याच पद्धतीने पकडले जातात.

दिवाळीत मला वाटलं होतं की फटाक्यांनी माझा हिशेब बिघडणार. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीपूजन आटोपून आलो तेव्हा आकडा खाली गेलाच. पण पाडव्यापासून मोंढा बंद राहिला त्या दिवसांत तो रोज थोडा थोडा वर चढत गेला. वेळ अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडच्या रीतीप्रमाणे सगळं गाव शेतात गेलं. कडब्याच्या कोपीपाशी भज्जी आणि आंबिलाचं जेवण झालं. ज्वारी उभी होती, मळणी कुठेच नव्हती. संध्याकाळी घरी येऊन फुंकलं तर काटा ४०० ला. दम्याला थंडी सोसत नाही म्हणून ज्या दिवसांत मी कानटोपीत घर धरून बसायचो, त्यातलाच हा दिवस.

सोयाबीनच्या धुळीवर संशय येणारा मी पहिला नाही, हे नंतर वाचनात आलं. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात मधूनच एखाद्या दिवशी रुग्णालयांत दमेकऱ्यांची अचानक रीघ लागायची. कारण सापडेना. १९८९ साली संशोधकांनी धागा जुळवला. हे सगळे दिवस बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवण्याचे होते, आणि एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळण्या बसवल्या आणि ते झटके थांबले. दोष सोयाबीनच्या टरफलाच्या धुळीतला होता. मी आयुष्यभर दह्याला आणि केळ्याला दोष दिला. डॉक्टरांच्या सल्ल्याने दही पुन्हा सुरू केलं आणि वहीत त्याची काही नोंद उमटली नाही. हे माझ्यापुरतं. दुसऱ्याचं दुसऱ्याच्या वहीत दिसेल.

या माहितीवर पुढे काय झालं ते थोडक्यात. शेठजींनी माझी गादी चाळणीपासून दूर, आतल्या खोलीत हलवली. आवकेच्या दिवसांत मी चांगला मास्क लावतो. आणि मुख्य म्हणजे रोजचा सूज उतरवणारा पंप सुरू झाला. नुसत्या तातडीच्या पंपावर दम्याचा माणूस ठेवू नये, असं दम्यावरच्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. माझं मात्र त्याआधीपासून आणि त्यानंतरही तेच चाललं होतं. ‘सवय लागते’ ही भीती कशी गेली? व्याख्यानाने गेली नाही. पंप नियमित घेतल्यावर सकाळ-संध्याकाळचं अंतर वहीत कमी होत गेलेलं दिसलं आणि बरं वाटतंय म्हणून मी तो परस्पर बंद केला तेव्हा, अजून बरंच वाटत असताना, सकाळचे आकडे उतरू लागलेले दिसले. छातीने तक्रार करायच्या आधी वहीने केली. त्या दिवशी माझं मत खऱ्या अर्थाने बदललं.

आता जुन्या मतातलं जे मी सोडलेलं नाही, ते. रोज, जन्मभर, प्रत्येक दमेकऱ्याने फुंकत बसावं असं मी म्हणणार नाही आणि जाणकारही म्हणत नाहीत. ज्यांना आपला त्रास नीट जाणवतो, त्यांच्यासाठी लक्षणांवर आधारलेली लेखी योजना आणि आकड्यांवर आधारलेली योजना जवळपास सारखीच काम करते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना ही फूक नीट जमत नाही. आकडा फुंकणाऱ्याच्या जोरावर अवलंबून असतो. नळी मुख्यतः मोठ्या श्वासनळ्यांचं सांगते, बारीक नळ्यांतलं बरंचसं तिच्यातून निसटतं. म्हणून दवाखान्यातली स्पायरोमेट्रीची तपासणी तिच्यामुळे टळत नाही. मास्तरांसारखा जीव ज्याचा आकड्यात अडकतो, त्याने नळी डॉक्टरांच्या सांगण्यापुरतीच वापरावी.

वहीच्या खोटेपणाबद्दलही सांगायला हवं. दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला त्यांची वही कौतुकाने दाखवली. महिनाभराचे आकडे एकाच शाईत, एकाच कलत्या हातात, सगळे शून्यावर संपणारे आणि कुठे खाडाखोड नाही. अशी वही आदल्या रात्री बसून लिहिलेली असते, हे मुनिमाला सांगावं लागत नाही. मीटरमध्ये गुपचूप नोंद ठेवून केलेल्या अभ्यासांतही हेच आढळलं आहे की कागदावर दिसतं तेवढं लोक फुंकत नाहीत. रोजचा जाच केला की माणूस खोटी वही लिहितो. त्यापेक्षा थोड्या दिवसांची खरी वही बरी.

म्हणून माझा आजचा कौल असा. दम्याचं निदान पक्कं करायचं असेल, औषध नवं सुरू केलं किंवा बदललं असेल, त्रास कशाने वाढतो ते शोधायचं असेल, किंवा सर्दी-खोकल्यात छाती भरू लागली असेल, तर काही आठवडे नीट मोजावं. ज्यांचा दमा तीव्र आहे, ज्यांना कधी अचानक दवाखान्यात न्यावं लागलं आहे आणि ज्यांना ‘मला काही होत नाही’ असं सारखं वाटतं, त्यांनी मोजणं कायम ठेवावं, कधी आणि किती ते डॉक्टरांना विचारून. मी शेवटच्या गटातला. आता आवकेच्या हंगामात रोज मोजतो, एरवी सर्दी झाली तर.

एक मागणी बाजार समित्यांकडे आणि माथाडी मंडळांकडे. १९६९ च्या कायद्याने हमाल-माथाड्यांसाठी मंडळं आली. पाठीवर पोती वाहणारे हे लोक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ खातात आणि ‘तंबाखूचा खोकला आहे’ म्हणून उडवून लावतात. हंगामाआधी एकदा आणि हंगाम भरात असताना एकदा त्यांची फूक मोजायला फार पैसा लागणार नाही. प्रत्येकाला वेगळी तोंडनळी, एक मीटर, एक वही आणि वही वाचणारा एक डॉक्टर एवढं पुरे.

आणि दमेकरी वाचकांना एवढंच सांगणं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा मला घरी मोजायची गरज आहे का, हे विचारा. असेल तर आकड्यांबरोबर काय करायचं तेही लिहून घ्या. छाती आणि मीटर यांपैकी जे आधी तक्रार करेल त्याचं ऐका. मीटर चांगला आकडा दाखवत असेल पण बोलताना धाप लागत असेल, तर दवाखाना गाठा. बरं वाटत असेल पण काटा लाल पट्ट्यात असेल, तर सांगितलेला पंप घ्या आणि तरीही दवाखाना गाठा.